मागचं चाक घरी बसवलं, पण एक्सलचा नट पूर्ण आवळला की चाक जड होतंय

लालमाती
नमस्कार मंडळी. गाडी 2008 ची हिरो होंडा स्प्लेंडर, स्पोकचं चाक, मागे ड्रम ब्रेक. राहायला चिपळूणजवळ, रोजचा रस्ता अर्धा डांबरी आणि अर्धा मातीचा. मागचा ब्रेक लागेनासा झाला म्हणून चाक घरीच काढून नवे ब्रेक-शू टाकले. काढताना काही अडलं नाही. बसवतानाही सगळं जागच्या जागी गेलं: कॉलर, ब्रेकप्लेट, टॉर्क रॉड, ब्रेकचा रॉड.

अडचण अशी की एक्सलचा नट पूर्ण आवळला की चाक जड होतं. हाताने जोरात फिरवून सोडलं तरी लगेच थांबतं. नट अर्धा आटा ढिला केला की एकदम मोकळं. ब्रेक घासत नाहीये हे नक्की, कारण ब्रेकचा रॉड पूर्ण सोडून पाहिला तरी तेच होतं.

अजून दोन गोष्टी सांगतो, उपयोग होईल. मागच्या चाकाचे बेअरिंग गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. आणि या वेळी एक्सलचा नट उघडताना पान्याला जोर द्यावाच लागला नाही, इतक्या सहज सुटला. त्या मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, "थोडा लूज ठेवा, सेल्फ-लॉक नट आहे, पडत नाही." मला हे पटत नाही. याच गाडीवर मुलीला रोज शाळेत सोडतो. जाणकारांनी सांगावं.

भरपावसात
दादा, उजव्या-डाव्या बाजूच्या कॉलरची अदलाबदल झाली नाही ना? एका बाजूची लांब असते, एका बाजूची आखूड. उलट बसली तर ब्रेकप्लेट ड्रमवर दाबली जाते आणि नट आवळला की चाक घासतं. नुसता ब्रेकचा रॉड सोडून ते कळत नाही.

लालमाती
तेही पाहिलं. काढताना फोटो काढून ठेवले होते, फोटोप्रमाणेच आहे. शिवाय घासल्याचा आवाज नाही. चाक फिरतं, पण कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं.

तेरा_चौदा
आवाज नाही, नट आवळला की जड, ढिला केला की मोकळं, आणि गेल्या वर्षी बेअरिंग बदललेत. मला एकच शंका येते. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागात, दोन बेअरिंगच्या मधोमध एक लोखंडी नळी असते. कुणी तिला डिस्टन्स कॉलर म्हणतं, कुणी मधला बुश, कुणी पाइप. बेअरिंग बदलताना ती बाहेर येते आणि परत टाकायची राहून जाते. तुमच्या हबमध्ये ती नसणार.

पाहायला सोपं आहे. एक्सल बाहेर काढा, चाक आडवं ठेवा आणि बेअरिंगच्या भोकातून टॉर्च मारा. नळी असेल तर बेअरिंगच्या आतल्या रिंगला लागूनच तिची गुळगुळीत भिंत दिसेल. नसेल तर बेअरिंगच्या मागे पोकळी दिसेल. करंगळी घालून चाचपलं तरी समजतं.

आणि तोपर्यंत कृपा करून ही गाडी रस्त्यावर नेऊ नका. मुलीला तर मुळीच बसवू नका.

लेथवाला
तेरा_चौदा यांच्याशी सहमत. मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत टर्निंगचं काम करतो, असे बुश रोज हाताखालून जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बेअरिंगला दोन रिंगा. बाहेरची हबमध्ये घट्ट बसलेली, ती चाकाबरोबर फिरते. आतली एक्सलवर, ती फिरत नाही. दोन्हींच्या मध्ये गोळ्या. एक्सलचा नट आवळता तेव्हा चिमट्याचं (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या हाताचं) एक पातं, बाहेरची कॉलर, पहिल्या बेअरिंगची आतली रिंग, मधला बुश, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, पलीकडची कॉलर आणि चिमट्याचं दुसरं पातं असा सगळा दाब सरळ रांगेत जातो. ही सगळी न फिरणारी माणसं एकमेकांना घट्ट धरून उभी राहतात आणि गोळ्यांवर आडवा दाब अजिबात येत नाही. म्हणून नट कितीही व्यवस्थित आवळला तरी चाक मोकळंच फिरायला हवं.

मधला बुश काढून टाका. आता नट आवळला की दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे आत ढकलल्या जातात. त्यांना अडवायला मध्ये काही नाही, मग तो सगळा दाब गोळ्यांवर बाजूने येतो. 6301 सारखं साधं बॉल बेअरिंग उभा भार घ्यायला बनवलेलं असतं, असा आडवा दाब सतत घ्यायला नाही. चाक जड होतं, बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि एक दिवस गोळ्या धरणारी जाळी तुटते.

त्या गॅरेजवाल्याने काय केलं असेल हेही लक्षात येतं. बुश राहिला, नट आवळला, चाक जाम झालं. कारण शोधायच्या ऐवजी नट ढिला ठेवून गाडी दिली. म्हणूनच तुमचा नट हलक्या हाताने सुटला. म्हणजे गेलं वर्षभर तुमचं मागचं चाक ढिल्या एक्सलवर फिरतंय. मागच्या एक्सलचा नट ढिला ठेवणं हा कुठल्याही दुखण्यावरचा उपाय नाही, हे मी ज्याला त्याला सांगत असतो. चेन चाक पुढे ओढते, ब्रेक लागला की चाक मागे रेटतं, आणि ढिल्या एक्सलवर हे रोज शेकडो वेळा होतं. नायलॉनचा सेल्फ-लॉक नट जागेवरून फिरून पडणार नाही हे खरं. पण एक्सलला ताण नसेल तर चाक जागेवर राहत नाही, त्याचं काय?

लालमाती
टॉर्च मारून पाहिलं. नळी नाही. बेअरिंगच्या पलीकडे हबची ओबडधोबड ओतीव भिंत दिसते, तिला काळं ग्रीस आणि त्यावर गंजाची तांबूस पूड चिकटलेली. करंगळी घातली तर थेट पोकळीत जाते. बेअरिंग बोटाने फिरवलं तर एका ठिकाणी खर्रकन अडकतं.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. गाडी उभी केली आहे, मुलगी सध्या रिक्षाने जातेय. आता बुश कुठून आणायचा, आणि बेअरिंग मला घरी बसवता येतील का?

भरपावसात
बुश कुणीही लेथवर पाइप कापून देईल की.

लेथवाला
पाइप कापून मिळेल, पण नुसता कापलेला पाइप चालणार नाही. दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर लागतात आणि लांबी नेमकी लागते. हबमध्ये बेअरिंग टेकायच्या दोन पायऱ्या असतात. बुशची लांबी त्या दोन पायऱ्यांमधल्या अंतराइतकी किंवा त्याहून केसभर जास्त हवी, कमी तर नकोच. कमी झाली की तुमची आत्ताची तक्रार जशीच्या तशी परत. माझा धंदा असूनही सांगतो, या गाडीचा ओरिजिनल बुश सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, तोच घ्या. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मागा. दुकानदाराने दुसऱ्याच गाडीचा "चालून जाईल" म्हणून दिला तर घेऊ नका.

बेअरिंग दोन्ही नवे घ्या. वर्षभर आडवा दाब खाल्लेले आहेत, एक तर तुम्हीच सांगताय अडकतंय. नंबर बेअरिंगच्या तोंडावर कोरलेला असतो, तोच वाचून आणा. शेवटच्या दोन आकड्यांवरून भोक कळतं: 00 म्हणजे 10 मिमी, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17. नंबरापुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील. कोकणात तेच घ्या, नुसत्या पत्र्याच्या झाकणाचं नको. आणि स्प्रॉकेट ज्या कपलिंगवर बसतं त्यातही बेअरिंग असेल तर तेही बोटाने फिरवून पाहा. तिथलं खराब असलं की चेन वाकडी चालते आणि आपण उगाच चेनला दोष देत बसतो.

घाटवाट
लालमाती, बेअरिंग घरी बसतात. मी माझ्या गाडीचे बसवले आहेत, विशेष हत्यारं लागत नाहीत. लागतं ते सावकाश काम.

जुने बाहेर काढताना आतून आतल्या रिंगवर ठोकावंच लागतं, म्हणून काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नसतं. चारी बाजूंनी थोडं थोडं ठोका, एकाच बाजूला मारलं तर ते तिरकं होऊन हबची जागा खराब करतं. काही हबमध्ये बेअरिंगवर आट्यांची रिंग किंवा सर्क्लिप असते, ती आधी काढायची. मग हब रॉकेलने धुऊन कोरडा पुसून घ्या. गंजाची पूड आत राहू देऊ नका.

नवे बेअरिंग रात्रभर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी हबवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळून तो चांगला तापू द्या. बेअरिंग आकसतं, हब फुगतो, आणि अर्धं काम तिथेच होतं. पहिलं बेअरिंग पायरीला टेकेपर्यंत बसवा. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर. बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट घ्या, किंवा जुनं बेअरिंगच वर ठेवून त्यावर ठोका. टेकलं की हातोडीचा आवाज बदलतो, बसका येतो. मग चाक उलटं करून बुश टाका. हाच तो क्षण, इथेच बुश राहून जातो. त्यानंतर दुसरं बेअरिंग. ते बुशला टेकलं की थांबायचं, पुढे रेटत राहायचं नाही. एक्सल घालून दोन्ही बेअरिंग आणि बुश एका रेषेत आहेत ना ते पाहा. बोटाने दोन्ही आतल्या रिंगा फिरवा, जडपणा नको आणि खडखडही नको.

तेरा_चौदा
घाटवाट ताईंनी बेअरिंगचं नेमकं लिहिलंय. मी ब्रेकबद्दल लिहितो, कारण नवे शू टाकलेत.

ड्रममधली काळी पूड फुंकून उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, 110 मिमीच्या ड्रमवर सहसा 111. त्यापुढे ड्रम झिजला असेल तर नवे शूही नीट धरणार नाहीत. ब्रेकप्लेटमधला शू फाकवणारा कॅम काढून त्याच्या दांड्याला ग्रीसचं बोट फिरवा, पण अगदी पातळ. तिथे गंज चढला की ब्रेक लागतो आणि सुटत नाही. ग्रीस लायनरवर लागलं तर शू बदला, पुसून भागत नाही.

आता टॉर्क रॉड. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम शूंना आणि त्यांच्याबरोबर अख्ख्या ब्रेकप्लेटला फिरवू पाहतो. तिला अडवून धरते ती ही एकटी पट्टी. ती निसटली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते, ब्रेकचा रॉड पिळून तुटतो आणि चाक जाम होऊ शकतं. म्हणून तिचा बोल्ट, वॉशर, नट आणि स्प्लिट पिन चारही आहेत ना हे दोनदा पाहा. स्प्लिट पिन नवी टाका, जुनी सरळ करून परत घालू नका. ती पंधरा-वीस रुपयांचीही वस्तू नाही.

लालमाती
बुश मिळाला, ओरिजिनल. बेअरिंगही आणले. फ्रीजरची युक्ती अप्रतिम आहे, पहिलं बेअरिंग जवळजवळ हातानेच आत गेलं. आता चाक गाडीत बसवायचंय. एकटाच आहे, आणि अंगणात माती. स्टँड रुततो.

घाटवाट
डबल स्टँडच्या दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद फळी घाला. दोन वेगळे तुकडे नकोत, एक सरकला की गाडी आडवी. फळीमुळे मागची बाजूही थोडी उचलली जाते आणि चाक मडगार्डखालून आत सरकवायला जागा मिळते. जांभ्याचे चिरे ठेवू नका, कडेला दाब आला की त्यांचा तुकडा उडतो. पुढचा ब्रेक दोरीने दाबून बांधून ठेवा, म्हणजे गाडी स्टँडवरून पुढे उतरणार नाही.

स्प्लेंडरला चांगली गोष्ट ही की स्प्रॉकेट आणि चेन चिमट्यावरच राहतात, चेन उघडावी लागत नाही. चाक आत घालण्याआधी कपलिंगचे रबर पाहा. दाबून चपटे झाले असतील किंवा चाक आणि स्प्रॉकेट यांच्यात हाताने खेळ जाणवत असेल तर आत्ताच बदला. गिअर टाकताना बसणारा झटका तिथूनच येतो. रबर जागेवर, कपलिंगची बोटं त्यांच्या खाचांत, मग चाक स्प्रॉकेटच्या बाजूला दाबा. ते पूर्ण आत गेल्याशिवाय ब्रेकच्या बाजूची कॉलर बसत नाही, आणि लोक तिथेच वैतागून हातोडी हातात घेतात. हातोडीची गरज नाही. चाक पायाच्या चवड्यावर तोला, एका हाताने वर-खाली हलवत एक्सल दुसऱ्या हाताने आत सारा. एक्सलला आधी ग्रीसचा पातळ हात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर तो गंजून अडकणार नाही.

यानंतरचा क्रम मात्र मोडू नका. एक्सलचा नट हाताने आणि वर थोडा पान्याने, इतकाच. टॉर्क रॉड जोडा. ब्रेकचा रॉड जोडा. मग चेनचा ताण. मग ब्रेकप्लेट मध्यावर आणणं. आणि एक्सलचा शेवटचा जोर सगळ्यात शेवटी. चेन ओढण्याआधी एक्सलचा नट आणि चेनच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नट (स्प्रॉकेटचं कपलिंग चिमट्याला धरणारा) दोन्ही ढिले हवेत, नाहीतर चेनचा ताण जुळवणाऱ्या अ‍ॅडजस्टरचे आटे जातात. आणि शेवटी दोन्ही आवळायचे असतात. एक्सल आवळून स्लीव्ह नट तसाच राहिलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्यात.

भरपावसात
चेन किती ठेवायची? आमच्याकडचे मेकॅनिक तर तारेसारखी ताणून देतात.

घाटवाट
तसं अजिबात नको. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, खालच्या चेनला बोटाने वर-खाली केलं की साधारण 25 मिमी झोल हवा. माणूस बसला, खड्डा आला की चिमटा वर जातो आणि चेन अजून ताणली जाते. आधीच ताणलेली असेल तर तो भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि मागच्या बेअरिंगवर येतो. चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी झोल बघा आणि जिथे चेन सर्वांत ताठ आहे तिथलं माप धरा. जुन्या चेनचा झोल सगळीकडे सारखा नसतो.

दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या करा, पण डोळे झाकून त्यांच्यावर विसंबू नका. चिमट्याच्या पुढच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळीने मापा. दोन्ही मापं जुळली म्हणजे चाक सरळ. आवळताना नटाबरोबर एक्सल फिरून चाक जागचं हलतं. त्याला उपाय म्हणजे मागच्या स्प्रॉकेटवर खालच्या बाजूने चेन आणि दात यांच्यामध्ये फडक्याची घट्ट गुंडाळी धरून चाक पुढे फिरवा. गुंडाळी आत ओढली जाते, चेन ताणते आणि चाक पुढे अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकतं. तसंच ठेवून नट आवळा.

हे करताना इंजिन बंदच हवं. गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवत चेन पुसणाऱ्यांची बोटं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. चेनजवळ हात आहे तोवर चावी खिशात.

लेथवाला
शेवटच्या जोराबद्दल. टॉर्क पाना असेल तर उत्तम, मॅन्युअलमधला आकडा लावा. नसेल तर हिशोब करता येतो: 30 सेंमीच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचा जोर म्हणजे जवळपास 59 न्यूटन-मीटर. 20 किलो म्हणजे किती हे घरातल्या वजनकाट्यावर हाताने दाबून पाहा, हाताला अंदाज येतो. पाइप घालून पाना लांब करू नका, मग काहीच अंदाज राहत नाही आणि आटे जातात. नट जुना असेल, नायलॉनची रिंग झिजली असेल, हाताने पूर्ण आत जात असेल तर नवा घ्या.

तेरा_चौदा
आणि तो जोर लावताना मागचा ब्रेक पायाने पूर्ण दाबून धरा. शू ड्रमला घट्ट भिडतात, ब्रेकप्लेट आपोआप मध्यावर येते आणि तशीच आवळली जाते. एकटे असाल तर पेडलवर वजन ठेवा. न दाबता आवळलं तर एकच शू आधी घासतो, ब्रेक मऊ लागतो, आणि लोक म्हणतात की शू खराब निघाले.

भरपावसात
माझ्या गाडीला मागे डिस्क आहे. हेच लागू?

तेरा_चौदा
बेअरिंग, बुश, चेन सगळं लागू. फक्त चाक बाहेर असताना पेडलला पाय लावू नका. कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि मग पॅडमध्ये डिस्क शिरत नाही. पेडल चुकून दाबलं गेलं तरी पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. मागच्या चाकाला एबीएसचा सेन्सर असेल तर त्याची वायर ताणू नका आणि दातेरी रिंगला हातोडी लागू देऊ नका.

लालमाती
झालं. सगळं सांगितलेल्या क्रमानेच केलं. फळी, दोरी, सुतळी, फडकं, ब्रेकवर पाट्याचा दगड. नट पूर्ण आवळला आणि चाक फिरवून सोडलं. फिरतच राहिलं, थांबायचं नाव नाही. बेअरिंगचा आवाज नाही, फक्त चेनची टिकटिक. वर-खाली आणि बाजूला धरून हलवलं, कणभर खेळ नाही.

एकट्याने गावातल्या गावात चालवून आलो. आधी वळणावर मागची बाजू किंचित डोलायची. मी ते रस्त्याचं समजत होतो. ते आता पूर्ण गेलंय. जुने बेअरिंग घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो आणि बुश राहून गेल्याचं शांतपणे सांगितलं. पैसे परत मागितले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या गाडीत असं राहू नये एवढंच म्हटलं, त्याने ऐकून घेतलं.

आता एकच विचारायचंय. ब्रेकच्या पेडलला किती मोकळा खेळ ठेवू? आणि नवे शू बसेपर्यंत काय काळजी?

तेरा_चौदा
पेडलच्या टोकाला 20 ते 30 मिमी. ब्रेकच्या रॉडवरच्या नटाने जुळवा, आणि नटाची खाच ब्रेकच्या हातावरच्या पिनवर बरोबर बसलीय ना ते बघा, नाहीतर तो आपोआप फिरतो. चाक बसवल्यावर पेडल हाताने दोन-चार वेळा दाबून सोडा आणि प्रत्येक वेळी चाक मोकळं होतंय ना ते पाहा. सुरुवातीचे काही दिवस मागचा ब्रेक हलका धरेल, लायनर ड्रमच्या आकाराला घासून बसावे लागतात. तोवर उतारावर वेग कमी ठेवा. शंभरेक किलोमीटरनंतर चेन, एक्सलचा नट आणि पेडल तिन्ही परत तपासा, कारण नवे शू बसले की पेडलचा खेळ वाढतो.

घाटवाट
आणि मागचा दिवा. पेडलचा खेळ बदलला की ब्रेकचा दिवा लागायची वेळही बदलते. पेडलजवळच्या स्विचवरचा नट फिरवून तो असा जुळवा की ब्रेक धरायला लागायच्या किंचित आधी दिवा पेटेल. संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, एकट्यालाही दिसतं. घाटात मागून ट्रक येतो तेव्हा त्याला तेवढंच दिसतं.

लालमाती
केलं. दिवा आधी लागतच नव्हता, स्विच पार खाली गेला होता. आता लागतो. उद्यापासून मुलीला सोडायला गाडीच नेतो.